गुन्हा कबूल केल्यावर वकील बदलता येतो का?

तुर्भ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव आणि पत्ता आम्ही छापत नाही, पण हकिकत थोडक्यात सांगावी लागेल. त्यांचा धाकटा भाऊ वीस वर्षांचा. एपीएमसीच्या फळ मार्केटमध्ये एका गाळ्यावर कामाला. आंब्याचा सीझन, पहाटेच्या गाड्या, आणि कोणाच्या पेट्या आधी उतरायच्या यावरून भांडण. पेटी उघडायचं लोखंडी हत्यार त्याच्या हातात होतं, ते समोरच्या माणसाच्या खांद्याला लागलं. पोलीस केस झाली. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार उभा राहिला नाही. ज्यांच्या गाळ्यावर तो दोन वर्षं राबला त्यांनीही अंग काढून घेतलं. त्यामुळे पोरगा दोन महिने तळोजा जेलमध्ये राहिला. कोर्टाने सरकारी खर्चाने वकील दिला. तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेर पाच मिनिटांची भेट झाली. "पहिलाच गुन्हा आहे, कबूल करून टाक, दंड भरून आजच सुटशील." पोराने मान हलवली. दंड झालाच, वर एक वर्षाची कैदही झाली.

जेलमधून अपिलाचा अर्ज गेला, दुसरे वकील नेमले गेले. त्यांना घरच्यांनी अजून पाहिलेलं नाही. तीन तारखा झाल्या. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. भगिनी विचारतात, हे वकील आम्हाला बदलून मिळतील का? की फुकटचा वकील आहे म्हणून गप्प बसायचं? आणि मार्केटमधले एक जाणते गृहस्थ म्हणतात की कबुली दिल्यावर अपील होतच नाही, वकील बदलून काय करणार, हे खरं का?

आम्ही दुसरा प्रश्न आधी घेतो. अपिलात काय उरलं आहे हे कळल्याशिवाय कसा वकील हवा हे कळणार नाही.

ते गृहस्थ अर्धं बरोबर सांगतात. गुन्हा कबूल केल्यावर आणि त्या कबुलीवर शिक्षा झाल्यावर अपिलाचं दार बरंचसं बंद होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१६ आहे. हायकोर्टाने कबुलीवर शिक्षा दिली असेल तर अपीलच नाही. पण मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायालयाने दिली असेल तर एक फट मोकळी ठेवली आहे: शिक्षा किती दिली आणि ती कायद्याला धरून दिली का, एवढ्यावर अपील करता येतं. म्हणजे "मी मारलंच नाही" असं आता म्हणता येणार नाही, पण "मला एवढी शिक्षा द्यायला नको होती" हे म्हणता येतं. आणि या पोराच्या बाबतीत ती फट चांगली रुंद आहे.

कारण त्याचं वय. १९५८ सालचा एक कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम. कोर्टकचेरीत त्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतात. त्याचं कलम ६ सांगतं की एकवीस वर्षांखालचा माणूस दोषी ठरला आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कोर्टाने त्याला सहजासहजी तुरुंगात पाठवायचं नाही. आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहायचा. समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणं का योग्य नाही, याची कारणं लिहायची, मगच कैद द्यायची. निकालपत्रात असा अहवाल आणि अशी कारणं नसतील तर शिक्षेच्या कायदेशीरपणावरच बोट ठेवता येतं. याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अपील कोर्टही स्वतः असा आदेश देऊ शकतं. आणि कलम १२ प्रमाणे अशा रीतीने सुटलेल्या माणसाला शिक्षेमुळे जी अपात्रता चिकटते ती चिकटत नाही. ज्या घरातून पोरं नोकरीसाठी आखातात जायला बघतात, त्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हा मुद्दा पहिल्या कोर्टातच मांडायला हवा होता. कबुली द्यायला सांगणाऱ्या वकिलाने त्याच श्वासात "माझा अशील वीस वर्षांचा आहे, परिवीक्षेचा अहवाल मागवावा" असा अर्ज पुढे केला असता, तर कदाचित हे पत्रच आलं नसतं. कबुलीचा सल्ला नेहमी वाईटच असतो असं नाही. पण कबुलीनंतर पुढे काय, हे न सांगता दिलेला सल्ला म्हणजे पोराला अंधारात जिना उतरायला लावणं.

आता कबुलीबद्दलच. ती खरोखर कबुली होती का? मॅजिस्ट्रेटने दोषारोप वाचून, समजेल अशा भाषेत समजावून सांगायचा असतो, आणि आरोपी काय म्हणतो ते नोंदवायचं असतं. आमच्या या पोराला मराठी येतं. पण एपीएमसीत कामाला येणाऱ्या कितीतरी मुलांना मराठी वाचता येत नाही, आणि तयार छापील कागदावर सही घेतलेली असते. अशा वेळी कोर्टाच्या दप्तरात काय लिहिलं आहे ते पाहावं लागतं. रोजनामा, दोषारोपाचा कागद, कबुलीचा कागद, तिन्हींच्या नकला काढायच्या. कबुली धड नोंदवलेलीच नसेल किंवा समजून न घेता दिलेली असेल, तर ती कबुलीच नव्हती असं अपिलात किंवा रिव्हिजनमध्ये मांडता येतं.

इथे दोन जुने खटले सांगितले पाहिजेत, आणि ते मसाला मार्केट आणि दाणा बंदरातल्या आमच्या वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावेत. पहिला आपल्या महाराष्ट्रातला, मुरलीधर मेघराज लोया यांचा, १९७६ सालचा. खुरासणीच्या तेलात शेंगदाण्याचं तेल मिसळल्याचा आरोप. आरोपींनी गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटने किरकोळ दंडावर सोडलं. हायकोर्टाने प्रकरण हाती घेऊन शिक्षा वाढवली आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कबुलीच्या अशा सौद्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे दंड भरून मोकळं होऊ म्हणणारा माणूस वरच्या कोर्टात जेलपर्यंत पोचू शकतो.

दुसरा खटला गुजरातेतला, कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख यांचा, १९८० सालचा. हाही भेसळीचाच. कबुलीच्या बदल्यात हलकी शिक्षा, आणि पुढे हायकोर्टाने ती वाढवली. या वेळी सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती भगवती होते. त्यांनी नुसती वाढवलेली शिक्षा रद्द केली नाही, तर कबुलीवरची मूळ शिक्षाही रद्द केली आणि खटला नीट चालवा म्हणून परत पाठवला. हलक्या शिक्षेच्या आशेवर घेतलेल्या कबुलीवर कोणाला दोषी ठरवणं घटनेच्या कलम २१ ला धरून नाही, निर्दोष माणूसही कटकट टाळायला कबूल करून बसेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे तिप्पेस्वामी खटल्यातही त्याच कोर्टाने सांगितलं की आरोपीला हलकं सोडण्याचं आश्वासन देऊन कबुली घ्यायची आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हे चालणार नाही.

मात्र या निकालांचा आधार आपल्या भगिनीला आपोआप मिळेल असं आम्ही म्हणणार नाही. त्या खटल्यांत कोर्टाच्या पातळीवर सौदा झाला होता. इथे "सुटशील" असं फक्त आपल्याच वकिलाने सांगितलं आहे, आणि ते कुठे लिहिलेलं नाही. वकिलाचा अंदाज चुकला एवढ्यावर कबुली रद्द होणं अवघड असतं. म्हणून अपिलाचा मुख्य आधार वय आणि परिवीक्षा हाच असावा, कबुलीचा मुद्दा त्याच्या मागे. (२००६ पासून कायद्यात आलेली लेखी "प्ली बार्गेनिंग"ची पद्धत ही आणखी निराळी गोष्ट आहे. तिच्यात तर निकालावर नेहमीचं अपीलच नसतं. ज्यांनी तसा अर्ज केला असेल त्यांनी हा लेख स्वतःला लावू नये.)

एवढं समजलं की वकिलाकडून काय हवं तेही समजतं. निर्दोष सुटकेच्या बाता मारणारा नको. १९५८ चा कायदा उघडून निकालपत्राशेजारी ठेवणारा हवा.

आता पहिला प्रश्न. सरकारी खर्चाने मिळालेला वकील ही कोणाची मेहरबानी नाही, हे आधी मनात पक्कं करावं. घटनेचं कलम ३९-अ आहे, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्या कायद्यात कोठडीत असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. आणि अपिलापुरता विचारलं तर हा हक्क महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून पक्का झाला आहे. एम. एच. होसकोट नावाचे प्राध्यापक होते, विद्यापीठाच्या खोट्या पदव्या बनवण्याच्या प्रयत्नात पकडले गेले. मुंबई हायकोर्टाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टात यायला त्यांना चार वर्षांहून जास्त उशीर झाला. कारण त्यांचं म्हणणं, निकालाची नक्कल मिळालीच नाही. जेल म्हणे, दिली होती. पण पोच कोणाकडेच नाही. त्यांचं अपील कोर्टाने ऐकलं नाही, पण १९७८ च्या त्या निकालात दोन गोष्टी कायमच्या सांगून ठेवल्या. कैद्याला निकालाची नक्कल वेळेवर, फुकट आणि लेखी पोच घेऊन द्यायची. आणि ज्याला वकील करणं परवडत नाही त्याला अपिलासाठी वकील द्यायचा. स्वतः होसकोटांना त्याचा उपयोग झाला नाही, पुढच्या हजारोंना झाला.

नेमलेला वकील बदलला जातो का? जातो. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण देताना आम्ही क्षणभर थांबलो, कारण ते नाव कोणाच्याही घरात चांगल्या अर्थाने घेतलं जात नाही, आमच्याही नाही. पण कायदा कुठवर जातो ते बघायचं असेल तर टोकाचंच उदाहरण पाहावं लागतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचा खटला आर्थर रोड जेलमध्ये न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यापुढे चालला. वकील मिळेना. मार्च २००९ च्या अखेरीस कोर्टाने अंजली वाघमारे यांना नेमलं. त्याच हल्ल्यातल्या एका पीडिताचं काम त्यांनी आधी घेतल्याचं उघड झालं, म्हणून एप्रिलच्या मध्यात त्यांची नेमणूक रद्द झाली. एकाच वेळी दोन्ही बाजूंना पाय ठेवता येत नाही, हे वकील बदलण्याचं सर्वांत स्पष्ट कारण. मग अब्बास काझमी आले. २० जुलै २००९ ला कसाबने भर कोर्टात कबुली दिली. वकिलालाही त्याची आधी कल्पना नव्हती. न्यायाधीशांनी ती कबुली दप्तरात ठेवली, पण तिच्यावर तिथल्या तिथे शिक्षा ठोठावली नाही. खटला पुढे चालवला, साक्षी घेतल्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी काझमींनाही दूर करण्यात आलं. शेकडो औपचारिक साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून कोर्टाचं आणि त्यांचं पटलं नाही. त्यांचे सहायक के. पी. पवार यांनी पुढचं काम पाहिलं. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टातल्या कामासाठी विधी सेवा समितीने नवे वकील दिले, अमीन सोलकर आणि फरहाना शाह. सुप्रीम कोर्टात कोर्टानेच ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात खटला अन्यायाने चालला हे म्हणणं फेटाळलं गेलं आणि फाशी कायम झाली. पण त्याच निकालात देशातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटांना बजावलं गेलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाच्या हक्काची माहिती द्या, आणि त्याच्याकडे वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्या. या कर्तव्यात कुचराई झाली तर मॅजिस्ट्रेटवर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते.

त्याच खटल्यात आणखी एक आरोपी होता, फहीम अन्सारी. नकाशे काढून दिल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याची बाजू शाहिद आझमी मांडत होते. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. खटला संपत आला असताना वकील गेला. दुसऱ्या वकिलाने काम पुरं केलं, आणि फहीम अन्सारी सुटला. हायकोर्टात सुटका कायम राहिली, सुप्रीम कोर्टातही. ज्यांनी "असल्या खटल्यात वकील कशाला" असं त्या दिवसांत विचारलं होतं, त्यांना याहून वेगळं उत्तर आमच्याकडे नाही.

तर एवढ्या गाजलेल्या खटल्यात वकील बदलले गेले, मग फळ मार्केटमधल्या पोराचा वकील का बदलणार नाही? फक्त कारण हवं आणि ते कागदावर हवं. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज करायचा. शक्यतो पोराच्या सहीने, कारण अशील तो आहे, त्याची बहीण नाही. जेलमध्ये विधी सेवा कक्ष असतो, तिथून अर्ज जाऊ शकतो; जेल अधीक्षकांमार्फतही जातो. घरच्यांनी स्वतः जाऊन दुसरी प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. होसकोटांची हकिकत पोचेची किंमत शिकवते.

अर्जात काय लिहावं? "वकील चांगले नाहीत" असं लिहिलं तर तो अर्ज फायलीत जाऊन बसेल. कोणत्या तारखेला फोन केला, कोणत्या तारखेला कोर्टात वकील हजर नव्हते, नेमणूक झाल्यापासून जेलमध्ये एकदाही भेट झाली नाही, परिवीक्षेचा मुद्दा अपिलात घेतला आहे का हे विचारलं त्याचं उत्तर आलं नाही, असं लिहावं. तारखा हजेरीपुस्तकात लिहितात तशा. अपिलाचा नंबर वर टाकावा. तो मिळवायला कोणाची चिरीमिरी लागत नाही, ई-कोर्ट्सच्या मोबाईल अॅपवर नावाने शोधलं की मागच्या-पुढच्या तारखा दिसतात. २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक विधी सेवा संस्थेत नेमलेल्या वकिलांच्या कामावर नजर ठेवणारी समिती असते, तिच्याकडे हे प्रकरण पाठवावं अशीही विनंती करता येते. नव्या वकिलाचं नाव आपण सुचवू शकतो. द्यायचं की नाही ते संस्था ठरवते. १५१०० या नंबरवर विधी सेवेची मोफत मदतवाहिनी आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते.

एक कारण असं आहे की त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागत नाही. नेमलेला वकील अशिलाकडून एक पैसाही मागू शकत नाही, फी म्हणून नाही, "टायपिंगचा खर्च" म्हणूनही नाही. कोणी मागितले असतील तर ते अर्जात पहिल्या ओळीत लिहावं. एपीएमसीत रोजची मजुरी संध्याकाळी हातात येते, आणि तारखेच्या आदल्या दिवशी हेच पैसे कोणीतरी मागून नेतं, हे आम्ही बऱ्याच घरांतून ऐकलं आहे.

पण उलट बाजूही लिहिली पाहिजे. कित्येकदा घरचे वकील बदलायला निघतात कारण वकील खरं बोलतो. "कबुली दिली आहे, निर्दोष सुटण्याची आशा नाही, शिक्षा कमी करून घेऊ" असं कोणी सांगितलं तर ते ऐकायला कडू लागतं. मग मार्केटच्या गेटवर चहाच्या टपरीशी कोणीतरी भेटतो, "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" म्हणतो, आणि अम्मीच्या बांगड्या गहाण पडतात. आधी एकदा वकिलांना गाठावं. फोनवर नाही, तारखेला कोर्टात. अपिलाची नक्कल मागावी, शिक्षेला स्थगितीचा अर्ज केला आहे का ते विचारावं, परिवीक्षेचं विचारावं. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर वकील कमी बोलणारा असला तरी कामाचा आहे, राहू द्यावा. पॅनेलवरच्या वकिलाच्या हातात पुष्कळ कामं असतात आणि मानधन थोडं असतं. फोन न उचलणं हा गुन्हा नाही. तारखेला न येणं ही वेगळी गोष्ट.

खासगी वकील करायचा ठरवला तर तोही हक्क आहे. घटनेचं कलम २२ आपल्या पसंतीचा वकील करायचा हक्क देतं. वकीलपत्रावर पोराची सही जेलमध्ये अधीक्षकांच्या साक्षीने होते. मात्र खासगी वकील उभा राहिला की सरकारी खर्चाचा वकील बाजूला होतो, आणि पुढची फी थकली म्हणून परत तिकडे जायला वेळ जातो. भिशीतून, कर्ज काढून पहिला हप्ता भरायच्या आधी पूर्ण कामाची रक्कम लिहून घ्यावी. आणि जुना खासगी वकील फीसाठी कागद अडवून धरत असेल तर त्याला तसा अधिकार नाही. आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की फी बाकी असली तरी अशिलाची फाईल वकिलाला ठेवून घेता येत नाही. फीसाठी त्याने दावा लावावा.

वकील बदलल्यावर लोक एक गोष्ट विसरतात, आणि ती फार महागात पडते. नव्या वकिलाचं नाव कोर्टाच्या दप्तरात चढलं का, हे बघायचं राहून जातं. आसामच्या मोहम्मद सुकुर अली यांचं असंच झालं. हायकोर्टात त्यांचं अपील होतं, त्यांनी वकील बदलला, पण कामकाजाच्या यादीत जुन्या वकिलाचंच नाव छापून येत राहिलं. नव्या वकिलाला कळलंच नाही, कोणी हजर राहिलं नाही, आणि अपील फेटाळलं गेलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून, वकिलाच्या गैरहजेरीत आरोपीविरुद्ध फौजदारी अपील ठरवू नये, दुसरा वकील नेमावा, असं म्हटलं. पण त्यावर विसंबू नये. १९९६ च्या बानी सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी म्हटलेलं आहे की वकील आला नाही तर कोर्ट कागद वाचून अपील निकालात काढू शकतं. आरोपी जेलमध्ये असेल तर त्याला वकील देणं योग्य ठरेल. २०१३ मध्ये कोर्टाने पुन्हा बानी सिंगचीच बाजू धरली. म्हणून नेमणुकीचं नवं पत्र किंवा नवं वकीलपत्र दाखल झालं की पुढच्या तारखेच्या यादीत नाव पाहायचं. आणि बदलाचा अर्ज अंतिम सुनावणीच्या दिवशी सकाळी द्यायचा नाही. तेव्हा कोर्टाला तो वेळकाढूपणा वाटतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच.

मुदतीचं थोडक्यात. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस, हायकोर्टात जायचं असेल तर साठ, रिव्हिजनला नव्वद. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, आणि उशिराचं पटेल असं कारण दिलं तर कोर्ट तो माफ करू शकतं. आपल्या भगिनीच्या भावाचं अपील वेळेत दाखल झालेलं दिसतं, त्यामुळे ती काळजी नाही. काळजी दुसरी आहे. शिक्षा एक वर्षाची. शिक्षेआधीचे दोन महिने त्यातून वजा होतील. अपील जर सात-आठ महिने तारखांत फिरलं तर निकाल लागेपर्यंत शिक्षाच संपत येईल, आणि जिंकूनही हाती फारसं राहणार नाही. म्हणून नवा वकील असो की जुनाच राहो, पहिलं काम शिक्षेला स्थगिती आणि जामीन. आणि त्यासाठी या वेळी जामीनदार आधी शोधून ठेवावा. जातमुचलक्यावर किंवा रोख रकमेवर सोडा अशी विनंतीही करता येते, ती वकिलाने लेखी करावी.

भगिनीने पत्रासोबत निकालाची नक्कल पाठवली आहे. तिच्यात वयाच्या रकान्यात "अंदाजे २२" लिहिलं आहे. हे अटकेच्या वेळी कोणीतरी विचारून किंवा न विचारता लिहिलेलं दिसतं, आणि पुढे तेच चालत आलं. परिवीक्षेच्या कलमासाठी शिक्षा झाली त्या दिवशीचं वय धरतात, अपिलाच्या दिवशीचं नाही. तेव्हा त्या दिवशी तो एकवीसच्या आत होता हे दाखवणारा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला आधी काढावा. शाळा गावी आहे म्हणता, तर आजच कोणाला तरी कळवावं. सुट्टी लागली की मुख्याध्यापकांची सही मिळायला जून उजाडतो.